डोलत्या काठीवरचा अँटेना

गेल्या दिवाळीत मुंबईहून भाच्याचा फोन आला. फराळ पोहोचला, आजीचे गुडघे कसे आहेत, हे सगळे बोलून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून शिडाची एक जुनी बोट घेतली आहे, बत्तीस फुटांची. ऑक्टोबर ते मे या हंगामात शनिवार-रविवार तिच्यावरच काढायचे असा बेत. ‘‘मामा, बोटीवर टीव्ही लावायचाय. अँटेना कुठला घेऊ आणि बसवू कुठे, ते तू सांग.’’

मी राहतो भनपुरीला. रायपूर शहराच्या उत्तर अंगाला, बिलासपूरच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडांच्या शेजारी. सरळ रेषेत मोजला तरी समुद्र इथून सुमारे चारशे किलोमीटर लांब. तरीही प्रश्न त्याने बरोबर माणसाला विचारला होता. ऐंशीच्या दशकात मी रायपूरच्या कितीतरी गच्च्यांवर आणि कौलांवर चढून अँटेना बसवले आहेत. शिवाय अँटेनाच्या बाबतीत आमच्या या जिल्ह्याचे नशीब वेगळे आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी उपग्रहाची तबकडी घरावर पाहिली त्याच्या कितीतरी आधी ती इथल्या शाळांच्या अंगणात उभी होती. त्यामुळे भाच्याला उत्तर देताना मी बोटीपासून सुरुवात केली नाही. तिथून केली असती तर तो दुकानात जाऊन डब्यावरचे आकडे वाचत बसला असता.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष ‘नासा’चा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वापरायला मिळाला होता. प्रयोगाचे नाव लांबलचक, पण सगळे त्याला ‘साइट’ म्हणत. त्यासाठी ‘नासा’शी १९६९ मध्ये झालेल्या कराराच्या मागे विक्रम साराभाई होते. ३० डिसेंबर १९७१ ला ते गेले, प्रयोग त्यांना पाहता आला नाही. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे निवडली होती. त्यांत तेव्हाच्या मध्य प्रदेशातली गावे रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या जिल्ह्यांतली होती. रायपूर जिल्हा तेव्हा फार मोठा. आजचे धमतरी आणि महासमुंद त्याच्याच पोटात. कार्यक्रम अहमदाबादच्या भूकेंद्रातून वर जात आणि आफ्रिकेच्या पूर्व भागावर, ३५ अंश पूर्व रेखांशावर थांबलेल्या उपग्रहाकडून थेट गावात उतरत. मध्ये कुठलाही मनोरा नाही, केबल नाही. सकाळी शाळेच्या मुलांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि मावशीकडे राहत होतो. तिच्या गावातली ती तबकडी मला अजून दिसते. व्यास तीन मीटर, म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीच्या जवळपास. आणि ती कशाची, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची. आरपार दिसायचे. जाळीतून पलीकडचे चिंचेचे झाड दिसत होते, आणि या भोकाभोकांच्या वस्तूत आकाशातले चित्र अडकते कसे, हे कोणालाच कळत नव्हते. त्या चिंचेची एक मोठी फांदी तोडावी लागली तेव्हा मावशी हळहळली होती.

फांदी का तोडावी लागली आणि जाळी का चालली, या दोन गोष्टी ज्याला कळल्या त्याला अँटेनाचा निम्मा प्रश्न सुटला.

आधी जाळी. उपग्रहाचे प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्‌झवर होते. त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. भोक लहरीच्या मानाने बरेच लहान असेल, साधारण दहाव्या हिश्शाच्या आत, तर लहरीला ते भोक जाणवतच नाही, सपाट पत्राच वाटतो. इंचभर भोकाची जाळी तिथे ठणठणीत पत्र्याइतके काम करते, आणि वारा मात्र आरपार जाऊ देते. आजच्या घरगुती तबकडीवर येणारी लहर आहे जेमतेम अडीच सेंटिमीटरांची. तिला तीच जाळी म्हणजे उघडी खिडकी. म्हणून आजची तबकडी भरीव पत्र्याची असते आणि लहान असूनही वारा खाते. जाळीची ही शिकवण बोटीवर पदोपदी लागते. कुठली लहर पकडायची आहे हे ठरल्याशिवाय धातूचा आकार ठरत नाही.

आता फांदी. रायपूरहून तो उपग्रह पश्चिमेला, थोडासा दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ३२ अंशांवर होता. चिंच नेमकी त्या रेषेत आली होती. तीन मीटरच्या त्या तबकडीची नजर सुमारे आठ अंशांची. हात सरळ लांब करून मूठ वळली तर मूठ आकाशाचा साधारण दहा अंशांचा तुकडा झाकते. म्हणजे तबकडी एका मुठीपेक्षाही अरुंद झरोक्यातून पाहत होती. मोठी तबकडी लांबचे बारीक ऐकते, पण त्याची किंमत म्हणून बाकी सगळ्या आकाशाकडे पाठ फिरवते. मूठ लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

वर्ष संपले, उपग्रह परत गेला. १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले आणि गच्च्यांवर काड्यांचे अँटेना दिसू लागले. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा अँटेना आधीपासून माहीत होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चे, आणि पुण्यासाठी सिंहगडावरचे केंद्र १९७३ चे. काड्यांच्या या रचनेचे नाव यागी. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात १९२६ च्या सुमारास शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी ती तयार केली. खरे कष्ट बरेचसे उदांचे, नाव मात्र यागींचे राहिले. मागे एक लांब काडी, तिच्या पुढे वळवलेली मुख्य काडी, आणि पुढे उतरत्या लांबीच्या काड्या. तारा जोडलेल्या असतात फक्त मुख्य काडीला. बाकीच्या तिच्यासाठी लहर गोळा करतात. अशा छोट्या यागीची नजर पन्नास-साठ अंशांची, म्हणजे पाच-सहा मुठींची. थोडी चूक तिला चालते.

मुंबईचे केंद्र बासष्ट मेगाहर्ट्‌झच्या आसपास होते, म्हणून तिथली मुख्य काडी जवळजवळ सव्वादोन मीटर लांब असे. कावळ्यांची आवडती जागा. लहर छोटी झाली की काडीही छोटी होते. साडेपाचशे मेगाहर्ट्‌झच्या डिजिटल प्रक्षेपणाला सत्तावीस सेंटिमीटरांची काडी पुरते. बोटीवर टीव्हीचा अँटेना मावतो तो एवढ्याचमुळे. १९७५ मध्ये कोणी शिडाच्या बोटीवर मुंबईचे चित्र पाहायचे म्हटले असते तर डोलकाठीच्या टोकाला सव्वादोन मीटरची आडवी काडी बांधावी लागली असती.

इथे माझ्या धंद्यातली एक चूक सांगायला हवी. भनपुरीतच एका घरावर मी वीस फुटी लोखंडी नळीवर यागी चढवला आणि ताण-तारा दोनच बाजूंना दिल्या. तिसऱ्या बाजूला बांधायला जागा नव्हती, आणि उन्हाळा होता. जूनच्या पहिल्या वावटळीत नळी पडली नाही, पण जागच्या जागी फिरली. घरमालक सांगू लागले, अँटेना खराब आहे, चित्रात मुंग्या येतात. मी दुसरा अँटेना लावला, तरी मुंग्याच. शेवटी खाली रस्त्यावर उभा राहून वर पाहिले तेव्हा दिसले की काड्यांचे तोंड केंद्रापासून चांगले नव्वद अंश फिरले होते. माल दोन्ही वेळा चांगला होता. पाय चुकला होता. त्यानंतर मी प्रत्येक घरी आधी नळी, क्लॅम्प आणि तारा पाहायचो आणि अँटेनाची निवड शेवटी करायचो. भाच्याला मला हेच पटवायचे होते. अँटेना कोणता घ्यावा, हा दुसरा प्रश्न. तो ज्याच्यावर उभा राहणार ते किती हलते, हा पहिला.

आमच्या भागाने आणखी एक गोष्ट शिकवली. आजूबाजूला पत्र्याच्या मोठमोठ्या शेड असल्या की तीच लहर पत्र्यावर आपटून उशिरा पोहोचते आणि चित्राला उजवीकडे सावली पडते. बातम्या देणाऱ्या बाईंना दोन चेहरे. शेजारी वेल्डिंग सुरू झाले की पडद्यावर आडव्या तुटक रेषा. अशा वेळी लोक बूस्टर मागत. टीव्हीजवळ लावलेला बूस्टर मुंग्याही मोठ्या करतो आणि सावलीही. अँटेना चार फूट बाजूला सरकवला की बऱ्याचदा दोन्ही जात. बोटीवर शेजारच्या बोटींच्या ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्या म्हणजे आमच्या शेडच समजा.

आज पकडायला आहे तरी काय? हे न विचारता अँटेना घेणारे बरेच जण मला भेटतात. जुने ॲनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या जागांवरची सुमारे पन्नास केंद्रे वगळून बंद करायचे ठरवले. त्याआधी २५ फेब्रुवारी २०१६ ला दूरदर्शनने सोळा शहरांत जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्या यादीत मुंबई होती, औरंगाबाद होते आणि आमचे रायपूरही होते. त्यासाठी टीव्हीत किंवा वेगळ्या पेटीत डीव्हीबी-टी२ रिसीव्हर लागतो. जुन्या टीव्हीला नुसता अँटेना जोडून काही दिसत नाही. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र असते तोवर स्वच्छ असते. मग चौकोन फुटतात आणि पडदा काळा होतो. ‘थोडे अंधुक पण चालेल’ ही जुनी सोय गेली आहे, म्हणून अँटेना बसवताना थोडी शिल्लक ताकद हाताशी ठेवावी लागते.

दुसरा मार्ग उपग्रहाचा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली आणि आता डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्वेवरून येते. रायपूरहून हा उपग्रह आग्नेयेच्या किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवर आहे. मुंबईहून ५७-५८ अंशांवर. ही उंची आपल्याकडच्या नाविकांसाठी मोठी देणगी आहे. लंडनच्या नाविकाला त्याचा नेहमीचा उपग्रह २५ अंशांवर शोधावा लागतो, म्हणजे डोलकाठी, शीड, शेजारची इमारत, सगळे आड येते. मुंबईत तो इतका वर आहे की डोलकाठीच्या बाजूला चार-पाच फूट सरकले तरी वाट मोकळी होते.

आता बोटीवर जाऊ.

गच्ची हलत नाही. बोट तीन तऱ्हांनी हलते. नांगरावर किंवा मूरिंगला बांधलेली बोट भरती-ओहोटीबरोबर पूर्ण गोल फिरते. सकाळी नाळ जिकडे असते, दुपारी तिकडे मागची बाजू. दुसरे, लाटेवर ती दोन्ही बाजूंना दहा-पंधरा अंश डुलते, आणि शीड भरून निघाली की वीस अंश कलून तशीच चालते. तिसरे, डोलकाठीचे टोक या डुलण्याला कितीतरी पटींनी वाढवते. डेकवर थोडीशी हलणारी गोष्ट टोकाला दोन-तीन मीटर झोके खाते. आता मूठ आठवा. साठ सेंटिमीटरच्या घरगुती तबकडीची नजर आहे तीन अंशांची, लांब केलेल्या हाताच्या दोन बोटांएवढी. दीड मूठ डुलणाऱ्या बोटीवर दोन बोटांची नजर एका जागी ठेवायची, हे होत नाही. शांत खाडीत, बोट धक्क्याला दोरांनी चारही बाजूंनी आवळून बांधली असेल तर चित्र येईल. एखादी फेरीबोट शेजारून गेली की जाईल.

म्हणून निवडीचे चार रस्ते उरतात.

पहिला, सगळीकडे पाहणारा अँटेना. गोल चपट्या डब्याचा, पंचवीस ते तीसेक सेंटिमीटर व्यासाचा. आत साधारणपणे एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन आडव्या काड्या किंवा वळी असते, आणि सोबत एक छोटा बूस्टर. बोट कशीही फिरली तरी हरकत नाही. पण जो सगळीकडे पाहतो तो कुठेही नीट पाहत नाही. त्याची पकड यागीच्या मानाने फार कमी. त्यात आपटून आलेल्या सगळ्या लहरीही तो तितक्याच प्रेमाने घेतो. बोट कलण्याची मात्र भीती नको. वीस अंश कलल्याने पाव हिश्श्याच्याही आत नुकसान होते. अर्धे नुकसान होते ते पंचेचाळीस अंशांवर, आणि तेव्हा टीव्ही कोणी पाहत नसतो.

दुसरा, एका दिशेला पाहणारा छोटा यागी किंवा लॉग-पिरिऑडिक नावाचा त्याच्यासारखाच काड्यांचा अँटेना, जो हाताने फिरवता येतो. पाच-सहा मुठींची नजर असल्याने डुलणे त्याला कळतही नाही. बोट गोल फिरली तर उठून एकदा दांडा वळवायचा. काही नाविक तो शिडाच्या दोराला बांधून फक्त नांगरावर असताना वर ओढतात आणि निघताना उतरवून ठेवतात. मला ही पद्धत मनापासून आवडते. जे सतत लागत नाही ते सतत वाऱ्यात आणि खाऱ्या हवेत का ठेवायचे?

तिसरा रस्ता, घुमटातली तबकडी. आतल्या संवेदकांच्या मदतीने छोटी तबकडी बोटीच्या हालचालीच्या उलट फिरत राहते आणि उपग्रहावरची नजर हलू देत नाही. चालत्या बोटीवर उपग्रहाचे चित्र हवे तर याला पर्याय नाही. पण ते महाग, वीज खाणारे आणि जड. ते डोलकाठीच्या टोकाला कधीही लावू नये. मागच्या बाजूच्या कमानीवर लावावे. यातले गणित साधे तरफेचे आहे. पाण्यापासून तेरा मीटर उंचीवर एक किलो वजन वाढवले तर ते सावरायला खाली दीड मीटरवर जवळपास नऊ किलो शिसे लागते. म्हणजे दहा किलोचा घुमट वर नेणे म्हणजे बोट उलटायला हातभार लावणे.

चौथा, मोबाइल. किनाऱ्याजवळ हाच आज सगळ्यात सोपा, आणि त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. एक सूचना मात्र द्यायला हवी. सॅटेलाइट फोन परदेशातून आणून बोटीवर ठेवणारे अडचणीत येतात. थुराया आणि इरिडियमचे फोन भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत.

उंचीबद्दलचा गैरसमज इतका पक्का आहे की त्याचा हिशेबच मांडायला हवा. प्रत्येकाला वाटते की टीव्हीचा अँटेना डोलकाठीच्या टोकालाच हवा. रेडिओ लहरीची क्षितिजापर्यंतची वाट किलोमीटरमध्ये मोजायची तर मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला साधारण ४.१ ने गुणायचे. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटरचा. त्याची एकट्याचीच वाट ७१ किलोमीटर. तेरा मीटरच्या डोलकाठीने त्यात भर पडते १५ किलोमीटरांची. आणि मागच्या बाजूला उभ्या केलेल्या तीन मीटरच्या दांड्याने भर पडते ७ किलोमीटरांची. टोकावर चढण्याचे सगळे कष्ट, लांब केबल, वजन, हे सगळे आठ किलोमीटरांसाठी. गेटवेहून वरळी दहा किलोमीटरवर. मांडवा पंचवीसेक, अलिबाग चाळीसेक. भाच्याच्या शनिवार-रविवारच्या सगळ्या जागा तीन मीटरच्या दांड्याच्या आत येतात. इमारती मध्ये आल्या तर उंचीचा फायदा होतो हे खरे. पण आधी दांड्यावर पाहून मग ठरवावे. आणि बोट दक्षिणेला गोव्याकडे निघाली की अलिबागच्या पुढे थोड्याच तासांत मनोरा क्षितिजाखाली जातो. त्यानंतर डोलकाठी कितीही उंच असली तरी उपयोग नाही.

डोलकाठीचे टोक टीव्हीला न देण्याचे खरे कारण वेगळे आहे. तिथे आधीच गर्दी असते. संकटात बोलायचा व्हीएचएफ अँटेना, वाऱ्याची दिशा आणि वेग सांगणारे यंत्र, नांगरावर असल्याचा दिवा. व्हीएचएफची हाक १५६.८ मेगाहर्ट्‌झवर, सोळाव्या चॅनलवर जाते, आणि तिथे उंचीचा प्रत्येक मीटर जिवाच्या कामाचा. त्याच्या अंगाला टीव्हीचा डबा चिकटवला तर दोघांचेही नुकसान. पंचवीस वॉटची हाक शेजारच्या टीव्हीच्या बूस्टरला बधिर करते, आणि टीव्हीचा धातू हाकेची वाट एका बाजूला अडवतो. दोघांत निदान एक मीटर अंतर हवे. दिव्याबद्दलही सांगतो. काही एलईडी दिव्यांच्या आतले परिपथ व्हीएचएफमध्ये गोंगाट करतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये नाविकांना त्याबद्दल सावध केले होते. दिवा लावून आणि विझवून, दोन्ही वेळा रेडिओ ऐकून पाहावा.

केबलकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते आणि बिघाड बहुतेक तिथेच होतो. टोकापासून खाली आणि आत टीव्हीपर्यंत म्हणजे पंचवीसेक मीटर. चांगली आरजी-६ सुद्धा सहाशे मेगाहर्ट्‌झला तेवढ्या अंतरात आलेल्यातले निम्म्याहून जास्त गिळते. पातळ आरजी-५९ याहून जास्त. म्हणून बूस्टर लावायचाच तर अँटेनाच्या पायाशी, केबल सुरू होते तिथे. बारा व्होल्टचा पुरवठा त्याच केबलमधून वर जातो. टीव्हीजवळ लावलेला बूस्टर जे आधीच हरवले आहे ते परत आणत नाही. व्हीएचएफ रेडिओची पन्नास ओहमची केबल घरात पडली आहे म्हणून टीव्हीला वापरू नये. टीव्हीची पंचाहत्तर ओहमची असते, आणि नेहमीच्या एफ कनेक्टरला ती पन्नासची केबल नीट बसतही नाही. दांडा तीन मीटरचा ठेवला तर केबल सात-आठ मीटरांवर येते आणि निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

भनपुरीत आमचे कनेक्टर काळ्या धुळीने जायचे. लोखंडाची बारीक धूळ गच्चीवर बसते, पावसात गंजते, आणि सांध्यात तपकिरी पाणी उतरते. समुद्रावर तेच काम मीठ करते, आणि फार वेगाने. पाणी केबलच्या जाळीतून आत शिरले की वातीसारखे चढते-उतरते, बाहेरून काहीच दिसत नाही. कनेक्टर घट्ट आवळून त्यावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप खालून वर, कौलांसारखी एकावर एक चढवत गुंडाळायची. तिच्यावर साधी काळी टेप, उन्हापासून आडोसा म्हणून. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा, म्हणजे पाण्याचा थेंब झोलाच्या तळाशी लोंबून गळून पडतो, आत जात नाही. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टीलचे बोल्ट लावताना दोन धातूंमध्ये नायलॉनचे वॉशर किंवा त्यासाठीचा लेप हवा. खाऱ्या पाण्यात ही जोडी बॅटरीसारखी वागते आणि ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडते.

विजेबद्दल थोडक्यात. छत्तीसगडात दर पावसाळ्यात वीज पडून माणसे जातात, त्यामुळे गच्चीवरची नळी जमिनीशी जोडल्याशिवाय मी कधी उतरलो नाही. बोटीवर डोलकाठी जाड तारेने खालच्या कीलशी जोडलेली असावी, आणि मे अखेरच्या गडगडाटात टीव्हीची केबल नुसती बंद न करता ओढून काढावी.

हे सगळे सांगून झाल्यावर भाच्याने विचारले, मग मोठे नाविक काय करतात? गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच शिपयार्डची ‘तारिणी’ २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगभर फिरली. तिची डोलकाठी २५ मीटरची. अशा प्रवासात डोलकाठीवरचा अँटेना म्हणजे माणसांशी राहिलेला धागा, करमणुकीचा प्रश्नच नाही. त्या आधीची गोष्ट ‘सुहेली’ची. मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली ही छोटी बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने जगाला वळसा घालणारे पहिले ठरले. अडीच महिन्यांतच त्यांचा रेडिओ बंद पडला आणि पुढे अनेक महिने ते कुठे आहेत हे कोणाला कळेना. ‘सुहेली’च्याच नमुन्यावर गोव्यात ‘थुरिया’ बांधली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, तिच्यातून निघालेल्या अभिलाष टॉमी यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. मजकूर पाठवणाऱ्या एका छोट्या उपग्रह यंत्रावरून त्यांनी आपली अवस्था कळवली, आणि मदत पोहोचली.

डोलकाठी गेली की तिच्यावरचे सगळे अँटेना एकदम जातात. ही गोष्ट मी भाच्याला दोनदा सांगितली. टीव्हीचा अँटेना घेण्याआधी व्हीएचएफचा एक जादा छोटा अँटेना घे आणि तो आतल्या कपाटात, हाताशी राहील असा ठेव, अशी अट घातली. मग मागच्या कठड्याला तीन मीटरचा ॲल्युमिनियमचा दांडा, त्यावर हाताने फिरणारा छोटा लॉग-पिरिऑडिक, आठ मीटर आरजी-६, बूस्टर नाही. आधी असेच पाहा. चित्र तुटले तर बूस्टर, तोही अँटेनाच्या पायाशी. डोलकाठीचे टोक जसे आहे तसे राहू दे.

जानेवारीत त्याने फोटो पाठवला. दांडा सरळ, क्लॅम्प दोन, टेप खालून वर गुंडाळलेली. जादा अँटेना कपाटात ठेवल्याचाही फोटो सोबत होता. फोटो मोठा करून पाहिला. दांड्यापासून निघालेली केबल ताणून सरळ डेकच्या भोकात शिरत होती. झोल नव्हता. मी लगेच फोन लावला.